एनएफएस सर्व्हर आणि न सापडणारे मॉड्यूल
एका संगणकावरील फोल्डर नेटवर्कवरून इतरांना वापरू देणारा लिनक्सचा एनएफएस सर्व्हर ‘एनएफएसडी’ या कर्नल मॉड्यूलवर, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडता येणाऱ्या भागावर, चालतो. ‘मॉडप्रोब’ ही आज्ञा हे मॉड्यूल चालू कर्नलच्या आवृत्तीचे नाव असलेल्या फोल्डरमध्येच शोधते. आर्च लिनक्समध्ये मात्र कर्नल अद्ययावत होताच जुनी मॉड्यूल सहसा पुसली जातात, मेमरीत जुनाच कर्नल चालू राहतो आणि ‘मॉड्यूल सापडले नाही’ असा संदेश येतो. म्हणून सेटिंगच्या फाइली बदलत बसण्याआधी ‘यूनेम -आर’ आज्ञेने दिसणारी चालू कर्नलची आवृत्ती प्रत्यक्ष असलेल्या मॉड्यूलच्या फोल्डरच्या नावाशी ताडून पाहणे फार महत्त्वाचे असून, तफावत आढळल्यास संगणक पुन्हा सुरू करणे बहुधा पुरते. सर्व्हर कंटेनरमध्ये, म्हणजे मूळ यंत्रणेचाच कर्नल वापरणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, चालवायचा असल्यास कंटेनरला स्वतःचा कर्नल नसल्याने मॉड्यूल मूळ यंत्रणेवरच लोड करावे लागते.