मुस्तफाचा गेम आणि बहिणीची ईदी

यंदा ईदला आम्ही सगळी भावंडं वाळूजच्या घरी जमलो होतो. शीरखुर्मा झाला, ईदी वाटून झाली आणि मुलं मोबाइल घेऊन एकेका कोपऱ्यात जाऊन बसली. थोरल्या भावाने सहज विचारलं, "आपण ईदीचं काय करायचो, आठवतं का?" आम्ही भाऊ एका सुरात म्हणालो, "मुस्तफा!" बहीण तेवढी गप्प होती.

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पाठोपाठ इतर कंपन्या आल्या आणि खेड्यापाड्यांतली माणसं कामासाठी इथे येऊन राहिली. आमचे अब्बाही त्यांतलेच. वस्तीतल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत गेमची दोन मशीनं होती. एका रुपयात एक डाव. आमचा जीव त्यातल्या 'मुस्तफा'वर. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. चार खेळाडूंतला एक मुस्तफा कैरो, सर्वांत चपळ. आपल्याकडच्या पोरांनी गेमलाच त्याचं नाव देऊन टाकलं. गल्लीतली मुलं कोणत्याही घरची असोत, मुस्तफा व्हायला सगळी भांडायची. आपल्या घरातलं नाव सगळ्यांना हवंसं वाटतंय, याचा आम्हाला कोण अभिमान!

त्या खोलीत मुली मात्र जात नसत. आम्ही बहिणीला सांगायचो, "तुझा डाव आम्ही खेळतो." तिच्या ईदीतले रुपये घ्यायचो आणि घरी येऊन तिचा मुस्तफा कुठवर पोहोचला ते रंगवून सांगायचो.

एकदा हे अब्बांच्या कानावर गेलं. ते रागावले नाहीत. त्या वर्षी बोनस मिळाल्यावर त्यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला आणि म्हणाले, "पहिला डाव तिचा."

तो डबा म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायची बंदूक, सगळं त्यात होतं. कॅसेट चालली नाही की आम्ही फुंकर मारायचो. खरं तर काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीच्या दमटपणाने धातूच्या पट्ट्या उलट खराब व्हायच्या. बंदुकीतून काहीच सुटत नसे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदूक तो उजेड टिपायची. आजच्या सपाट टीव्हीवर ती चालत नाही. मारिओमध्ये बहिणीने आम्हा सगळ्यांना मागे टाकलं.

आमच्या वेळचं सगळंच चांगलं होतं, असं आम्ही म्हणणार नाही. पण रुपया संपला की डाव संपायचा आणि मगरिबची अजान झाली की घरी परतावंच लागायचं. मोबाइलच्या गेमला असा शेवट नसतो. खेळावरचा ताबा सुटणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, याला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत घेतलं. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. मुलांना नुसतं "मोबाइल ठेव" म्हणून भागत नाही. थांबायची वेळ घरानेच ठरवून द्यायची आणि कधीतरी त्यांच्या शेजारी बसून आपणही खेळायचं.

आमचं बोलणं ऐकून भाच्याने लॅपटॉपवर तो जुना गेम शोधून काढला. कोणी काही बोलायच्या आत थोरल्या भावाने लॅपटॉप बहिणीपुढे सरकवला. चाळिशी ओलांडलेल्या आमच्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मुस्तफा निवडला. पहिल्याच टप्प्यात ती हरली. "अजून एक डाव," ती म्हणाली. कोपऱ्यांतली मुलं मोबाइल ठेवून तिच्याभोवती गोळा झाली. "फुफी, उडी मार!" असा एकच गलका झाला.

मगरिबची अजान झाली तेव्हा तिनेच लॅपटॉप मिटला. थोरल्या भावाने खिशातून एक रुपया काढून तिच्या हातावर ठेवला.