काचबिंदू विशेषज्ञ प्रशिक्षण

काचबिंदू विशेषज्ञ प्रशिक्षण हे नेत्रविज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेल्या डॉक्टरांसाठीचे प्रगत प्रशिक्षण होय. भारतात ते बहुतांशी ‘फेलोशिप’ या नावाने ओळखले जाते. काचबिंदूचे निदान, त्यावरील औषधे, लेझर व शस्त्रक्रिया आणि रुग्णाचा आयुष्यभराचा पाठपुरावा हे त्याचे मुख्य विषय आहेत. काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी कोणत्याही उपचाराने परत मिळत नाही. उरलेली दृष्टी राखता येते. त्यामुळे या प्रशिक्षणात शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकेच वेळेवर निदान करण्याला महत्त्व दिले जाते.

पार्श्वभूमी

काचबिंदू हा डोळ्याकडून मेंदूकडे दृश्यसंवेदना नेणाऱ्या दृष्टिचेतेचा विकार आहे. डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट न झाल्यास आतील दाब वाढतो आणि दृष्टिचेतेचे तंतू हळूहळू नष्ट होतात. काही रुग्णांत दाब सामान्य मर्यादेत असूनही अशी हानी होते. प्रथम कडेची दृष्टी कमी होते व समोरचे दिसणे दीर्घकाळ शाबूत राहते. खुल्या कोनाच्या काचबिंदूत वेदनाही होत नाहीत, त्यामुळे बराच काळ रुग्णाला आजाराची जाणीव होत नाही.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१३ साली जगभरात ४० ते ८० वर्षे वयोगटातील सुमारे ६ कोटी ४३ लाख लोकांना काचबिंदू होता. भारतातील ४० वर्षांवरील रुग्णांची संख्या २०१० मधील एका अंदाजानुसार सुमारे १ कोटी १२ लाख होती. आंध्र प्रदेश व तमिळनाडूतील लोकसंख्याधारित सर्वेक्षणांत आढळलेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांचे निदान आधी झालेलेच नव्हते. महाराष्ट्रात नागपूरजवळच्या ग्रामीण भागात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ हा अभ्यास झाला. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने त्यात ३० वर्षे व त्यावरील ४,७११ व्यक्तींची तपासणी केली. काचबिंदू हा त्यातील अभ्यासविषयांपैकी एक होता.

इतिहास

१८५७ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फोन ग्रेफ यांनी काचबिंदूवर बुबुळाचा छोटा भाग कापण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या शासकीय नेत्र रुग्णालयाचे अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी डोळ्याच्या भित्तिकेला सूक्ष्म छिद्र पाडून द्रवाचा निचरा करण्याची पद्धत विकसित केली. १९६८ मध्ये केंब्रिज येथील जॉन केर्न्स यांनी ट्रॅबेक्युलेक्टॉमी या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. आजही ती प्रशिक्षणातील मुख्य शस्त्रक्रिया आहे. पुढे टिमोलॉल व लॅटॅनोप्रॉस्टसारखे थेंब, लेझर आणि निचरा-नलिका उपलब्ध झाल्यावर उपचारांचे पर्याय वाढले. त्यातून योग्य पर्याय निवडणे हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र भाग बनला.

पात्रता व कालावधी

प्रवेशासाठी एम.बी.बी.एस. नंतर नेत्रविज्ञानातील एम.एस., डी.एन.बी. किंवा पदविका आवश्यक असते. दीर्घ मुदतीच्या फेलोशिपचा कालावधी साधारणतः १ ते २ वर्षे असतो. काही संस्था विशिष्ट कौशल्यांसाठी काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे अल्प मुदतीचे प्रशिक्षणही देतात. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी विकसनशील देशांतील तरुण नेत्रतज्ज्ञांना परदेशी केंद्रांत काही महिने शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देते. खासगी संस्थांच्या अनेक फेलोशिपना पदवीचा दर्जा नसतो. संबंधित संस्थेचे प्रमाणपत्र आणि तिथला अनुभव हेच त्यांचे मोल असते.

अभ्यासक्रम

प्रशिक्षणात पुढील कौशल्यांचा समावेश असतो:

नेत्रदाब मापन: गोल्डमन टोनोमीटरने दाब मोजणे आणि पारपटलाच्या जाडीचा त्या मोजमापावर होणारा परिणाम ओळखणे.

गोनिओस्कोपी: विशेष भिंगाच्या साहाय्याने निचऱ्याचा कोन खुला आहे की बंद, हे पाहणे. बंद कोनाच्या काचबिंदूचे जगातील बहुसंख्य रुग्ण आशियात असल्याने भारतीय डॉक्टरांसाठी ही तपासणी विशेष महत्त्वाची आहे. ती वगळल्यास बंद कोनाचा काचबिंदू खुल्या कोनाचा समजला जाऊन उपचार चुकू शकतात.

दृष्टिचेतेचे परीक्षण: दृष्टिचेतेच्या मुखाशी असलेला खळगा रुंदावला आहे का, हे पाहणे आणि ते निरीक्षण ओसीटी यंत्राच्या निष्कर्षाशी ताडून घेणे.

दृष्टिक्षेत्र तपासणी: पेरिमेट्रीचे अहवाल वाचणे आणि वर्षानुवर्षांच्या अहवालांतून आजार वाढत आहे की स्थिर आहे, हे ठरवणे.

लेझर व शस्त्रक्रिया: लेझर इरिडोटॉमी, ट्रॅबेक्युलोप्लास्टी, ट्रॅबेक्युलेक्टॉमी, निचरा-नलिका बसवणे आणि मोतीबिंदू व काचबिंदूची एकत्रित शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग किंवा दाब प्रमाणाबाहेर उतरणे यांसारख्या गुंतागुंती हाताळणे हाही त्याचाच भाग आहे.

बालकाचबिंदू व दुय्यम काचबिंदू: जन्मजात काचबिंदू, इजेनंतरचा काचबिंदू आणि डॉक्टरांच्या देखरेखीविना दीर्घकाळ स्टेरॉइडचे थेंब वापरल्याने होणारा काचबिंदू.

नव्या संशोधनाचे मूल्यमापनही शिकवले जाते. उदाहरणार्थ, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट’ या ब्रिटिश चाचणीनंतर खुल्या कोनाच्या काचबिंदूत थेंबांऐवजी सुरुवातीलाच लेझर वापरण्याच्या पर्यायाला बळ मिळाले.

प्रशिक्षण केंद्रे

भारतात नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्र, मदुराईची अरविंद नेत्र रुग्णालये, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था ही काचबिंदू उपचार व प्रशिक्षणाची प्रमुख केंद्रे आहेत. हैदराबाद येथील डॉ. अनिल कुमार मंडल यांना बालकाचबिंदूवरील कार्यासाठी ओळखले जाते. त्यांना २००३ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. मदुराईच्या ऑरोलॅबने कमी किमतीची निचरा-नलिका विकसित केली असून तिच्यामुळे ही शस्त्रक्रिया अधिक रुग्णांच्या आवाक्यात आली.

महाराष्ट्रात पुणे, मुंबई व नागपूर येथील मोठ्या नेत्र रुग्णालयांत काचबिंदूचे विशेष विभाग आहेत. पुण्यातील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय हे पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनतर्फे चालवले जाते आणि तेथे नेत्रतज्ज्ञांना फेलोशिप प्रशिक्षण दिले जाते. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही वैद्यकाच्या विविध शाखांत फेलोशिप अभ्यासक्रम चालवते.

ग्रामीण भागातील महत्त्व

१९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर दीर्घकाळ मोतीबिंदूवर राहिला. मोतीबिंदू शिबिरांत निवडलेल्या रुग्णावर एकदा शस्त्रक्रिया केली की दृष्टी परत येते. काचबिंदूत मात्र रुग्णाला वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासावे लागते. कमी दिसू लागल्यावर ‘मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबू’ असा विचार गावोगावी आढळतो. त्या डोळ्यात काचबिंदू असेल, तर थांबण्याच्या काळात गेलेली दृष्टी कायमची जाते.

पुणे जिल्ह्यातील बारामती-नीरा मार्गावरील वडगाव निंबाळकरसारख्या गावाच्या उदाहरणातून उपचारांची साखळी स्पष्ट होते. येथील रुग्णासाठी जवळचे मोठे ठिकाण तालुक्याचे बारामती हे आहे. तेथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापुढील मोठे केंद्र पुणे हे बारामतीपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. ज्या आजारात दर काही महिन्यांनी तपासणी करावी लागते, त्यात हे अंतर, प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी यांमुळे पाठपुरावा खंडित होऊ शकतो. बरे वाटत नाही म्हणून, किंवा काही त्रासच नाही म्हणून, रुग्ण थेंब बंद करण्याचीही शक्यता असते. थेंब दृष्टी सुधारण्यासाठी नसून ती टिकवण्यासाठी आहेत, हे समजावून सांगणे म्हणूनच विशेषज्ञाच्या कामाचा भाग मानले जाते.

या साखळीत विशेषज्ञाची भूमिका केवळ अवघड शस्त्रक्रियेपुरती राहत नाही. ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकारी व तालुक्यातील नेत्रतज्ज्ञ यांना संशयित रुग्ण ओळखण्यास शिकवणे, कोणाला पुढे पाठवायचे याचे निकष ठरवणे आणि स्थिर रुग्णाचा पाठपुरावा त्याच्या गावाजवळ होईल अशी व्यवस्था करणे, हीही त्याची कामे ठरतात. काचबिंदू असलेल्या व्यक्तीच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना धोका अधिक असतो. त्यामुळे एका रुग्णाचे निदान झाल्यावर घरातील इतरांना तपासणीस बोलावल्यास लक्षणे नसतानाच आजार सापडू शकतो. दरवर्षी मार्च महिन्यात पाळल्या जाणाऱ्या जागतिक काचबिंदू सप्ताहातही अशा तपासणीवर भर दिला जातो.