तीन पिल्लं, पाच सऱ्या

"वाघाची पिल्लं!"

जुन्नर तालुक्यात बिबट्याला वाघच म्हणतात. ऊसतोड टोळीतली बाई ओरडली तसे सगळे कोयते टाकून बांधावर पळाले. फेब्रुवारीतली दुपार होती. फडातल्या पाच सऱ्या तोडायच्या उरल्या होत्या आणि पाचटात तीन पिल्लं एकमेकांना बिलगून पडली होती.

वनरक्षक आले, वाकून पाहिलं. "वाघ नाही, रानमांजर आहे." बिबट्याच्या पिल्लावर दाट ठिपके असतात, या भुरकट अंगांवर पुसट पट्टे होते. मोठेपणी अंगावरचे पट्टे विरतात, पायांवर तेवढ्या खुणा राहतात. पाय लांब, शेपटी आखूड, टोकाशी काळी वळी, कानांवर काळ्या केसांचे इवले झुपके: असं हे जनावर घरच्या मांजराहून थोराड दिसतं.

उसात त्याला सगळं मिळतं. दडायला गर्दी, प्यायला पाटाचं पाणी, खायला उंदीर. राजस्थानातल्या सरिस्क्यात झालेल्या अभ्यासात, एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खात असावं, असा अंदाज निघाला होता. उसाला उंदीर लागलेल्या शेतकऱ्याला हा हिशोब वेगळा समजवावा लागत नाही.

"घरी नेऊन दूध पाजू का?" एका पोराने विचारलं. वनरक्षकांनी नकारार्थी मान हलवली. हातमोजे घालून त्यांनी पिल्लं पाचटासकट क्रेटमध्ये ठेवली आणि क्रेट ठेवला पिल्लं सापडली तिथेच, सावलीला, म्हणजे आई येऊन त्यांना घेऊन जाईल. शेजारच्या खुंटावर कॅमेरा बांधला. पाच सऱ्या उद्यावर गेल्या. ट्रॅक्टर खोळंबला म्हणून मुकादम कुरकुरले, पण थांबले.

अंधार पडल्यावर आम्ही दूरच्या मोटारीच्या खोलीत दिवा न लावता बसलो. या कामात सगळ्यात अवघड हेच: बघायला न जाणं.

सकाळी कॅमेऱ्यात पिल्लांची आई दिसली. आधी नुसती वास घेऊन निघून गेली. मग मानेला धरून एकेक पिल्लू, तीन खेपांत. त्यानंतर आणखी एकदा आली, रिकाम्या क्रेटमध्ये डोकं घालून हुंगलं आणि गेली.

ओल्या पाटाकाठी तिची पावलं उमटली होती. पावलं पलीकडच्या उसात शिरत होती.

"तो फड कधी?" मी विचारलं.

मुकादम कोयत्याला धार लावत होते. "शनिवारी."