इन्फ्लुएन्सर, ऑनलाइन विक्री आणि आपले लेबल

अलीकडे सभासदांच्या बैठकीत चहाच्या वेळी एक प्रश्न हटकून कानावर येतो. पूर्वी विचारणा होई ती कोणाकडचा गुग्गुळ चांगला, कोणाचे भस्म विश्वासार्ह, अशी. आता तरुण वैद्य आणि औषधी दुकानांचे मालक विचारतात, ‘एखादा चांगला इन्फ्लुएन्सर माहीत आहे का? किती घेतो?’ या प्रश्नात गैर असे काही नाही. ऑनलाइन बाजारपेठेत नुसते ‘त्रिफळा’ टाकून शोधले तर पानांमागून पाने उघडतात आणि आपला डबा कुठेतरी अकराव्या पानावर पडून असतो. तो वर आणायचा तर कोणीतरी त्याच्याविषयी बोलले पाहिजे. आम्हीही असे बोलणारे शोधले आणि त्याची किंमत मोजली. त्या अनुभवाची हकीकत संकोच न करता येथे मांडत आहोत.

आमचे छोटे औषधालय गुलटेकडीच्या मार्केट यार्डालगत आहे. सुंठ, मिरी, हळकुंड, गूळ, मनुका यार्डाच्या भुसार विभागातून घ्यावयाचे आणि काष्ठौषधींसाठी रविवार पेठ गाठावयाची, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. यार्डात गिऱ्हाईक माल कसा घेतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळे सांगावयास नको. तो पोत्यात हात घालतो, हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, सुंठेचा तुकडा दाताखाली धरून दोरा किती निघतो याचा अंदाज घेतो. मग भाव. अडत्याची अडत किती हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. फार पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत आणि ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन अधिनियम १९६३ साली आला, त्याच्या मुळाशी हा रुमाल दूर करण्याचीच गरज होती. उघड लिलाव आणि लेखी हिशेबपट्टी ही त्याची फळे.

२०२० च्या टाळेबंदीत चिकित्सालयातील गर्दी ओसरली. तेव्हा परवानाधारक कारखान्यातून आमच्या नावाने तयार करून घेतलेले त्रिफळा चूर्ण आम्ही एका ऑनलाइन बाजारपेठेवर ठेवले. दिवसाला चार-पाच मागण्या येत. बाजारपेठेचे कमिशन, पाठवणी आणि वेष्टन यांत बहुतेक नफा जाई. मग एका परिचिताने एका इन्फ्लुएन्सर बाईंचे नाव सुचविले. त्यांचे अनुयायी पुष्कळ होते, बोलणे लाघवी होते. ठरले ते असे की डबे आम्ही मोफत पाठवावयाचे आणि त्यांच्या दुव्यावरून होणाऱ्या प्रत्येक विक्रीमागे ठराविक टक्केवारी त्यांना द्यावयाची. काय बोलावयाचे हे आम्ही लिहून दिले नाही. त्या अनुभवी आहेत, त्यांना कळते, असे आम्ही गृहीत धरले.

रील आले. ‘रोज रात्री एक चमचा, महिन्यात पाच किलो कमी, माझ्या मावशीची साखरसुद्धा नॉर्मल झाली.’ आम्हाला ते खटकले. तरीही आम्ही ते आमच्याच रुग्णांच्या व्हॉट्सॲप गटावर पुढे पाठविले. या साऱ्या प्रकरणात आमचा खरा दोष कोणता असे कोणी विचारले तर आम्ही हाच सांगू. त्या आठवड्यात दोनशेंहून अधिक डबे गेले. कारखान्याला तातडीची मागणी नोंदविताना आम्ही आनंदात होतो, हेही लिहावयास हवे.

तीन आठवड्यांनी एका मुलीचा फोन आला. डब्यावरील क्रमांक पाहून तिने लावला होता. तिच्या वडिलांना दहा वर्षांपासून मधुमेह. रील पाहून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि लवकर गुण यावा म्हणून चूर्ण दिवसातून तीनदा सुरू केले. जुलाब झाले, अंगातले पाणी कमी झाले, साखर भरमसाट वाढली आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ते सावरले. मुलगी भांडली नाही. तिने एवढेच विचारले, ‘डब्यावर तर असे काही लिहिलेले नाही, मग त्या बाई असे का बोलल्या?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्रिफळा निरुपद्रवी आहे हे आपण सारेच म्हणतो. पण मात्रा, काल आणि रुग्णाची चालू चिकित्सा सोडून दिली की कोणते द्रव्य निरुपद्रवी उरते?

त्याच सुमारास परत आलेल्या डब्यांचा ढीग लागला. वजन उतरले नाही म्हणून एक तारा, साखर उतरली नाही म्हणून एक तारा. फोडलेला डबा पुन्हा विकता येत नाही, जाण्या-येण्याचा खर्च आमच्या माथी, आणि खालावलेले मानांकन पुढे कित्येक महिने वर चढेना. चूर्ण तेच, कारखाना तोच. ज्या गिऱ्हाइकाला सकाळी पोट साफ व्हावयास हवे होते ते पूर्वी समाधानी होते. पाच किलो उतरविण्यासाठी आलेले गिऱ्हाईक समाधानी होणे शक्यच नव्हते. औषधी दुकानांच्या मालकांनी पहिल्या आठवड्याचा आकडा पाहून हुरळून न जाता परताव्याची मुदत उलटेपर्यंत थांबावे आणि मगच हिशेब मांडावा.

त्यानंतर आम्ही कायदा वाचावयास बसलो. हे आधी करावयास हवे होते.

औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा. त्याच्या परिशिष्टात ५४ नोंदी आहेत. मधुमेह, लठ्ठपणा, उच्च व नीच रक्तदाब, हृद्रोग, मुतखडा, कोड, पक्षाघात, संधिवात, वंध्यत्व, शरीराची उंची, अशी ती मालिका आहे. यांतील व्याधींवर निदान, प्रतिबंध वा उपचार म्हणून औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. म्हणजे आमच्या रीलमधील दोन्ही दावे, वजनाचा आणि साखरेचा, थेट परिशिष्टात बसत होते. या कायद्यातील ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सूचना, पत्रक, लेबल, वेष्टन तर त्यात आहेच, शिवाय तोंडी केलेली घोषणा आणि प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही आहे. सत्तर वर्षांपूर्वी मसुदा लिहिणाऱ्यांना मोबाइल ठाऊक नव्हता, पण प्रकाश आणि ध्वनी यांपलीकडे रीलमध्ये असते तरी काय? धूर तेवढा अद्याप कोणी काढलेला दिसत नाही. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील काही भाग रद्द केला. तथापि औषधविक्रीसाठी केलेली अशी जाहिरात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड लपू शकत नाही, हे तत्त्व कायम केले.

अलीकडच्या घडामोडींविषयी आपल्यात बराच गोंधळ आढळतो. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींना पूर्वमान्यता सक्तीची करणारा नियम १७० हा २०१८ साली आला. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ज्या याचिकेत हे घडले ती ऑगस्ट २०२५ मध्ये निकाली निघाली. काही बंधू यावरून ‘आता मोकळीक मिळाली’ असे म्हणतात. ते चूक आहे. नियम १७० चे काही झाले तरी १९५४ चा अधिनियम जागच्या जागी आहे. त्याच याचिकेत ७ मे २०२४ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की दिशाभूल करणाऱ्या वस्तूची शिफारस करणारे नामवंत आणि इन्फ्लुएन्सर हेही उत्पादकाइतकेच जबाबदार आहेत.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २१ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, पुढच्या खेपेस तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. या अधिनियमाखाली जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरांसाठी स्वतंत्र पुस्तिका काढली. त्यातील एक बाब आपल्या उपयोगाची आहे. मोबदला घेतला असेल, मग तो पैशाचा असो, फुकट डब्यांचा असो वा टक्केवारीचा, तर तसे सांगितले पाहिजे, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगितले पाहिजे. मराठी रीलच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरे टाकून भागत नाही. चित्रफितीत ते अक्षरांत आणि आवाजात, दोन्ही प्रकारे यावे लागते. रुमाल बाजूला करण्याचाच हा प्रकार, साठ वर्षांनी दुसऱ्या बाजारात. ऑगस्ट २०२३ च्या पुरवणीनुसार आरोग्यतज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्या वैद्याने आपली अर्हता सांगावयाची आहे. जो वैद्य नाही आणि तज्ज्ञाच्या थाटात बोलतो, त्याने आपले बोलणे हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही असे सांगावयाचे आहे.

आणखी दोन गोष्टी दुकानदारांनी ध्यानात ठेवाव्यात. वत्सनाभ, भल्लातक, जयपाल, पारद, हरताल अशी परिशिष्ट ई (१) मधील द्रव्ये ज्या कल्पात आहेत ते कल्प ऑनलाइन विकताना ग्राहकाकडून नोंदणीकृत वैद्याचे व्यवस्थापत्र घेतले पाहिजे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बाजारपेठांना कळविले आहे. अशा कल्पांसाठी इन्फ्लुएन्सरचा विचारच करू नये. तसेच स्वतःच ग्राहक बनून, किंवा भाचा-पुतण्यांकडून, तारांकित अभिप्राय लिहून घेणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी निषिद्ध आहे. हा प्रकार आपल्यात किती चालतो हे आपण सारे जाणतो.

कायदा बाजूला ठेवला तरी चरकसंहिता उरतेच. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत : छद्मचर, सिद्धसाधित आणि जीविताभिसर. पहिला आणि तिसरा आपण परीक्षेसाठी पाठ केला, मधला विसरलो. संपत्ती, कीर्ती वा ज्ञान ज्यांनी मिळविले त्यांच्या नावाचा आधार घेऊन, अंगी तसे काही नसता, वैद्य म्हणवून घेणारा तो सिद्धसाधित. दुसऱ्याच्या प्रसिद्धीवर आपले औषध उभे करताना आपण या व्याख्येच्या किती जवळ जातो, हे प्रत्येकाने आपल्यापुरते तपासावे. आम्ही तपासले तेव्हा सुखावह वाटले नाही.

तरीही आम्ही इन्फ्लुएन्सर सोडले नाहीत. ते रील आम्ही काढावयास लावले, रुग्णांच्या गटावर चुकीची कबुली दिली आणि ज्यांनी डबे घेतले होते त्यांना बाजारपेठेमार्फत संदेश धाडला की कोणतीही चालू गोळी बंद करू नये. मग नव्याने एका वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर मुलीशी बोलणी केली. तिचे अनुयायी पहिल्या बाईंच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नाहीत. टक्केवारी आम्ही बंद केली. विक्रीवर मोबदला ठेवला की जीभ सैल होते, मग ती कोणाचीही असो. आता एका चित्रफितीमागे ठरलेली रक्कम देतो. संहिता आम्ही लिहितो, भाषा ती सोपी करते, आणि आमच्या लेखी संमतीवाचून काही प्रसिद्ध होत नाही. लेबलवर जे छापता येत नाही ते तोंडानेही बोलावयाचे नाही, ही करारातील पहिली अट.

मसुदा वाचून तिने विचारले होते, ‘सर, पण यात फायदा कुठे आहे?’ आम्ही तिला यार्डात घेऊन गेलो. पोत्याशी उभे राहून सुंठ कशी पारखतात ते तिने टिपले. पुढच्या चित्रफितीत जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात वेचला जाणारा बाळहिरडा आणि त्रिफळ्यात पडणारा पक्व हिरडा यांतील भेद तिने दोन्ही हातांत धरून दाखविला, बी काढून उरलेली साल किती राहते ते तोलून दाखविले, आणि स्वस्त चूर्ण स्वस्त का असते हे लोकांना आपोआप उमगले. कोपऱ्यात मराठीत ‘जाहिरात’, आरंभी आवाजातही तेच. शेवटी एकच सूचना : मधुमेहाची वा अन्य औषधे चालू असल्यास आधी आपल्या वैद्यांना विचारा. पाहणारे कमी मिळाले. आठवड्याला वीस-पंचवीस डबे जातात, परत क्वचित येतात, आणि घेणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्यांदा घेतात.

याच यार्डात दि पूना मर्चंट्स चेंबरचा रास्त भावातील दिवाळीचा लाडू-चिवडा दरवर्षी रांगा लावून विकला जातो, तो कोणी रीलमध्ये नाचले म्हणून नव्हे. अर्थात औषध म्हणजे चिवडा नव्हे आणि ऑनलाइन बाजारपेठ म्हणजे यार्ड नव्हे, हे आम्ही जाणतो. तेथे पोत्यात हात घालता येत नाही, म्हणून तो हात घालून दाखविणारा कोणी लागतो. इन्फ्लुएन्सरकडून एवढेच काम घ्यावे असे आमचे मत आहे. इतर बंधूंचा अनुभव याहून निराळा असल्यास त्यांनी तो अवश्य लिहावा.

त्या मुलीचे वडील मध्यंतरी पुण्यास आले असता औषधालयात येऊन गेले. त्यांच्या गोळ्या नियमित चालू आहेत. त्यांनी चूर्ण मागितले, आम्ही नाडी व जुने अहवाल पाहून रात्री अर्धा चमचा सांगितले आणि मात्रा डब्यावर हाताने लिहून दिली. वर उल्लेखिलेल्या करारनाम्याचा मराठी मसुदा ज्या सभासदांस हवा असेल त्यांनी संघटनेच्या कार्यालयात नाव नोंदवावे, प्रत देण्याची व्यवस्था केली आहे.