व्हेनिस चित्रपट महोत्सव, फॅसिस्ट काळातील
इटलीतील व्हेनिस येथे भरणारा जगातील सर्वांत जुना आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. १९३२ ते १९४२ या काळात तो बेनीतो मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीखाली भरला. कलेच्या गौरवासाठी उभारलेली संस्था राजकीय प्रचाराचे साधन कशी बनते, याचे तो ठळक उदाहरण होय.

व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाचा एक भाग म्हणून ऑगस्ट १९३२ मध्ये लीदो बेटावर पहिला महोत्सव झाला. मुसोलिनीच्या मंत्रिमंडळात पूर्वी अर्थमंत्री असलेले जूझेप्पे व्होल्पी हे त्याचे प्रवर्तक होत. १९३४ पासून सर्वोत्कृष्ट इटालियन व सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटांस ‘मुसोलिनी चषक’ देण्यात येऊ लागला.

प्रारंभी परीक्षकांना काहीसे स्वातंत्र्य होते. ज्यां रन्वार यांच्या ला ग्रांद इल्यूझ्यों या युद्धविरोधी फ्रेंच चित्रपटास १९३७ मध्ये पारितोषिक मिळाले. नाझी जर्मनीत मात्र त्यावर बंदी होती. त्याच महोत्सवात पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा संत तुकाराम (१९३६) हा मराठी चित्रपट दाखविण्यात आला व परीक्षकांनी त्याची विशेष दखल घेतली. विष्णुपंत दामले व एस्. फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक असून तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली होती.

१९३८ मध्ये हे स्वातंत्र्य संपले. बर्लिन ऑलिंपिकवरील लेनी रीफेनश्टाल यांचा ऑलिंपिया हा जर्मन अनुबोधपट आणि मुसोलिनीचा पुत्र व्हित्तोर्यो याच्या देखरेखीखाली निघालेला लुचानो सेर्रा, पिलोता यांना चषक देण्यात आला. निषेधार्थ ब्रिटिश व अमेरिकन परीक्षक बाहेर पडले. स्वतंत्र महोत्सव म्हणून फ्रान्सने कॅन येथे १ सप्टेंबर १९३९ हा मुहूर्त ठरविला. परंतु त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केल्याने तो बारगळला.

या युद्धाची झळ भारतीय चित्रपटव्यवसायासही लागली. मुंबई उपनगरातील मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी अछूत कन्या (१९३६) दिग्दर्शित करणारे फ्रांट्स ओस्टेन हे जर्मन दिग्दर्शक नाझी पक्षाचे सदस्य होते. युद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी त्यांना अटक केली.

व्हेनिस येथे १९४० ते १९४२ दरम्यान मुख्यतः जर्मनी, इटली व त्यांचे मित्रदेश यांचेच चित्रपट दाखविले जात. ज्यू-द्वेष पसरविणारा यूट झ्यूस १९४० मध्ये दाखविण्यात आला, तर ब्रिटिशविरोधी ओम क्रूगर यास १९४१ चा परदेशी चित्रपटाचा चषक मिळाला. १९४३ ते १९४५ या काळात महोत्सव भरला नाही. १९४० ते १९४२ चे महोत्सव पुढे अग्राह्य मानण्यात आले.

१९४६ मध्ये व्हेनिसचा महोत्सव पुन्हा सुरू झाला. कॅनचा पहिला महोत्सवही त्याच वर्षी भरला व त्यात चेतन आनंद यांचा नीचा नगर सर्वोच्च पारितोषिकाच्या मानकऱ्यांत होता. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरला. तो स्पर्धात्मक नव्हता. फॅसिस्टोत्तर इटलीतील नववास्तववादी चित्रपटांचा, विशेषतः बायसिकल थीव्ह्ज चा, परिचय भारतीय दिग्दर्शकांना येथे झाला.