हुकूम न देणारी घटना

डेबियन ही संगणकाची मुक्त कार्यप्रणाली. इयन मर्डॉकने १९९३ च्या ऑगस्टमध्ये तिची घोषणा केली. आज जगभर विखुरलेले सुमारे हजार सभासद ती सांभाळतात. डेबियन त्यांना पगार देत नाही, तरी उबुंटूसारखी लोकप्रिय प्रणाली २००४ पासून याच पायावर उभी आहे. हा पसारा हौसेवर चालतो असे सहसा म्हटले जाते. मला ते पटत नाही. हौसेने काम सुरू होते. पण माणसे भांडल्यानंतरही ते चालू राहायचे असेल तर नियम लागतात, आणि डेबियनने ते फार विचाराने केले आहेत. १९९७ मध्ये तिने मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायाशी सामाजिक करार केला, १९९८ च्या डिसेंबरात घटना स्वीकारली. या घटनेनुसार कुणावरही काम करण्याची सक्ती नाही. नेमून दिलेले कामही नाकारता येते. मात्र रीतसर झालेल्या निर्णयाच्या आड कुणी येऊ नये. बाकीची सारी रचना या नियमांतून निघते. ज्याने एखादे पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी तयार बांधलेला प्रोग्राम, सांभाळायला घेतले, त्याबद्दलचा निर्णय त्याचा. प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो, पण त्याचा निर्णय सभासद ठराव करून फिरवू शकतात. मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो आणि ‘यांपैकी कुणीही नको’ हा पर्यायही असतो. तो जिंकला तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते.

या रचनेची खरी कसोटी २०१४ मध्ये लागली. संगणक सुरू होताना सगळ्या सेवा उभ्या करणारी सिस्टिमडी ही नवी यंत्रणा स्वीकारावी का, यावर तांत्रिक वाद सोडवणाऱ्या डेबियनच्या समितीत चार विरुद्ध चार मते पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ती स्वीकारली गेली. वाद शमला नाही. नोव्हेंबरमध्ये सर्व सभासदांचे मतदान झाले, तेव्हा या विषयावर ठरावाची गरजच नाही, हा पर्याय जिंकला. विरोधकांपैकी काहींनी डेबियनचाच कोड घेऊन देवुआन नावाची वेगळी प्रणाली काढली. टीकाकार याला फूट म्हणतात, आणि त्या काळातली कटुता नाकारता येणार नाही. पण परवान्यानेच कोड नेण्याची मुभा दिली असल्यामुळे हरलेल्यांना कामासकट बाहेर पडता आले, आणि मागे राहिलेल्यांचेही काम थांबले नाही. बाहेरची वाट उघडी आहे हे ठाऊक असल्याने बहुमतालाही जपून वागावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वापरणारे असंख्य, मत मात्र हजारभरांनाच. यावर उत्तर असे की सभासदत्व कामातून मिळते, ते कुणालाही मिळवता येते. हे उत्तर अर्धेच खरे आहे, कारण फावला वेळ आणि इंग्रजी सगळ्यांकडे सारखी नसते. निदान २०१० मध्ये सभासदांनी मतदान करून, पॅकेज न बनवणाऱ्या भाषांतरकारांनाही पूर्ण सभासदत्वाचे दार उघडले. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत वाचता येतो तो अशाच भाषांतरकारांच्या कामामुळे. आता त्यांनाही मत मिळवता येते.