जुन्या कानशीचा चाकू

आखाडा बाळापूर हें नांदेड-हिंगोली रस्त्यावरील गांव. मराठवाड्यांत अशा गांवांच्या वेशीबाहेर घिसाड्यांचीं पालें पडतात, तेव्हां भात्याचा आवाज ऐकून मुलें तिकडे धांवतात आणि घरचीं वडील माणसें त्यांना हत्याराच्या भीतीनें माघारीं बोलावितात. आमच्या मतें ही भीति अनाठायीं आहे. शिकलेल्या घरांतील मुलांचे हात लेखणीपलीकडे चालत नाहींत, याचें मूळ या धाकांत आहे.

लांकूड कोरण्याचा लहान चाकू टाकाऊ वस्तूंतून करतां येतो. सुताराकडून झिजलेली कानस मागून आणावी. तिचें पोलाद धारेस उत्तम. लोखंड कापण्याच्या करवतीचें पातें मात्र पारखून घ्यावें. हल्लींच्या पुष्कळ पात्यांत दातांपुरतेंच कठीण पोलाद असतें, पाठ मऊ असते व ती धार धरीत नाहीं.

कानस लाल तापवून राखेंत पुरावी व सावकाश निवूं द्यावी, म्हणजे ती मऊ पडते. मग दुसऱ्या कानशीनें दोन इंचांचें पातें व मुठींत बसणारें निमुळतें टोंक घडवावें. यापुढील काम पाणी देण्याचें. तें घिसाड्याच्या देखरेखीखालींच व्हावें. पातें लाल होऊन त्यास लोहचुंबक चिकटेनासा झाला, कीं तें कोमट गोड्या तेलांत बुडवावें. तेल भडकतें, म्हणून भांडें लोखंडी असावें व झांकण हाताशीं असावें. आतां पातें कांचेसारखें कठीण, पण तितकेंच ठिसूळ होतें. तें घासून चकचकीत करावें व मंद आंचेवर पाठीकडून पुन्हां तापवावें. सुमारें २२० अंशांस धारेवर वाळल्या गवतासारखी पिवळी छटा येते, तेथेंच थांबावें. निळी छटा आल्यास कठीणपणा गेला असें समजावें.

कुदळीच्या मोडक्या दांड्याची मूठ लाखेनें बसवावी, निसण्यावर धार लावावी व जुन्या चामडी पट्ट्यावर ती घोटावी. सावंतवाडीचीं खेळणीं ज्या पांगाऱ्याचीं होत आलीं, तसें मऊ लांकूड शिकाऊ हातास द्यावें.

बोथट चाकूस जोर लावावा लागतो, म्हणून तो निसटतो व बोट कापतें. धारदार चाकू हुकमांत राहतो. स्वीडनमध्यें ऑटो सॉलोमन यांनीं १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत सुतारकामाचें शिक्षण रचिलें, तेव्हां मुलांच्या हातीं प्रथम चाकूच दिला. आपल्याकडे १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षण गुंफण्याचा आग्रह धरला.

खंडेनवमीस आपण हत्यारें पूजितों, आणि वर्षभर त्यांना शिवत नाहीं. यंदा पाटावर मुलानें स्वतः केलेला चाकू असूं द्या, आणि पाणी देण्यास शिकविणाऱ्या घिसाड्यास मजुरीबरोबर गुरूचा मानहि द्या.